मुकेपणा वेगळा, धुकं वेगळं : ‘टेन’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

मागच्या लेखात सिएटलच्या पर्ल जॅम या अमेरिकी रॉक बँडचा १९९१ चा ‘टेन’ हा अल्बम जुन्या कॅसेटवरून पुन्हा कसा ऐकायचा, यावर लिहिलं होतं. शेवटी असंही म्हटलं होतं की या अल्बमचं मूळ मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळी मुद्रित केलेली वाद्यं आणि गळा यांची एकत्र जुळणी, धुक्यात बुडालेलं आहे, पण ऐकायचं तर तेच. आर्णीकडून तुम्ही त्यावर चांगलीच झोड उठवली आहे. तुमचं म्हणणं असं: तीस वर्षं टिनाखाली भाजलेल्या कॅसेटचा आवाज मुका झाला आणि लेखकानं खापर मिक्सिंगवाल्याच्या डोक्यावर फोडलं. फोनवर हाच अल्बम लख्ख ऐकू येतो, गायक समोर उभा राहून गातो, धुकं-बिकं काही नाही. लेखात सांगितलं तसा हेडचा, म्हणजे रीळ वाचणाऱ्या भागाचा, स्क्रू फिरवला, तर आता गाण्यामागे दुसऱ्या बाजूची गाणी उलटी वाजतात. आणि मुळात या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, मुलखात सिएटलच्या गोंगाटाचं एवढं कौतुक कशाला?

स्क्रूचं आधी घेतो, कारण तुमचा टेप या घडीला उघडाच पडलेला असेल, आणि ती चूक माझ्या लेखाची आहे. ‘हेडचा स्क्रू हळूच फिरवा’ एवढंच लिहिलं, कोणता ते लिहायचं राहिलं. साध्या टेपमध्ये हेड दोन स्क्रूंवर बसलेलं असतं. एकाच्या खाली बारीक स्प्रिंग असते. दुसऱ्याखाली काही नसतं, तो सरळ बुडापर्यंत कसलेला असतो. फिरवायचा तो फक्त स्प्रिंगवाला. तुमच्या हातून बिनस्प्रिंगचा ढिला झालेला दिसतो. कॅसेटची रीळ जेमतेम ३.८ मिलिमीटर रुंद, आणि तिच्यावर चार पट्टे भरलेले असतात: दोन या बाजूचे, दोन पलटवल्यावरचे. बिनस्प्रिंगचा स्क्रू ढिला झाला की हेड आपली उंची सोडतं आणि शेजारचा पट्टाही वाचायला लागतं. तो पट्टा उलट्या दिशेनं भरलेला असतो, म्हणून गाणी उलटी. तो स्क्रू पुन्हा थांबेपर्यंत कसा. जोर लावू नका, खालचे आटे नरम असतात. ते गेले की हेड कायमचं डुलत राहतं आणि मग मेकॅनिकही हात टेकतो.

स्प्रिंगवाल्याला हात लावण्याआधी सफाई. इथेही मी ‘स्पिरिट’ असं मोघम लिहून गेलो होतो. मेडिकलमध्ये जखमेसाठी मिळतं ते स्पिरिट नको, त्यात पाणी असतं. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आयपीए म्हणून बाटली मागा, आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं. कान साफ करायच्या काडीचा बोळा त्यात ओला करायचा, पण थेंब गळता कामा नये. त्यानं हेडचा चकचकीत चेहरा आणि रबर रोलरला टेकणारी पोलादी दांडी पुसायची. बोळ्यावर तपकिरी भुकटी येईल, तो रिळेवरचा लोहकण. बोळा कोरा निघेपर्यंत पुसा, चार-पाच काड्या सहज लागतात. रबर रोलरला मात्र पुन्हा पुन्हा अल्कोहोल लावू नका, काही रबरं त्यानं सुकतात, कडक होतात. त्याला साबणाच्या पाण्यात पिळलेली चिंधी पुरे, नंतर दहा मिनिटं वाळू द्या. रोलर काचेसारखा चमकत असेल तर तो बदलायचाच. अशा रोलरवर रीळ घसरते, तिरपी जाते आणि शेवटी टेप ती खातो. रॉकेल, पेट्रोल, थिनर, नखांचा रंग काढायचं द्रव, यांपैकी काहीही टेपच्या आसपासही नको.

आता स्प्रिंगवाला स्क्रू. प्ले दाबल्यावर हेड पुढे सरकतं, आणि बऱ्याच टेपमध्ये त्याच वेळी तो स्क्रू झाकणाच्या पट्टीतल्या बारीक भोकासमोर येतो. म्हणजे कॅसेट वाजत असतानाच पेचकस घालता येतो. पेचकस चुंबक लावलेला नसावा. स्क्रूच्या खाचेची आत्ताची दिशा मार्करनं शेजारी खुणेनं लिहून ठेवा. हे पहिलं काम, बाकी सगळं नंतर. मग ‘जेरेमी’ची सुरुवात लावा.

‘जेरेमी’च का? त्या गाण्याच्या तोंडाशी बँडच्या जेफ अमेंटनं बारा तारांचा बेस, म्हणजे खर्जातली गिटार, वाजवला आहे. साध्या बेसला चार जाड तारा असतात. याच्यात प्रत्येक जाड तारेच्या जोडीला दोन बारीक तारा असतात, वरच्या सप्तकात लावलेल्या. हेड तिरकं असेल तर त्यातली फक्त जाड तार ऐकू येते, कुणी दूर ढोल थोपटावा तशी. स्क्रू एका फेऱ्याच्या आठव्या हिश्श्याच्या आत, अगदी हळू फिरवत न्या. एका जागी बारीक तारा अचानक उघडतात, घुंगरू हलल्यासारख्या. तिथून पुढे गेलात की पुन्हा बुजतात. दोन्हीकडून जाऊन मधली जागा पकडा आणि थांबा. टेपला मोनोचं बटण असेल तर ते दाबून हे काम करा, कारण डावा-उजवा आवाज एकत्र झाला की तिरकेपणा कितीतरी जास्त बोचतो. जागा सापडली की स्क्रूच्या डोक्यावर नेलपॉलिशचा एक थेंब, म्हणजे तो थरथरीनं हलणार नाही.

एवढ्याशा तिरकेपणानं असं काय बिघडतं, हेही तुम्ही विचारलं आहे. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावते. १० हजार हर्ट्झचा बारीक आवाज, म्हणजे झांजेची चमक, रिळेवर उमटतो तेव्हा त्याच्या एका लाटेची लांबी होते ४.७६ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एका पट्ट्याची रुंदी सुमारे ०.६ मिलिमीटर. हेडची फट अर्ध्या अंशाहूनही कमी तिरकी झाली तरी पट्ट्याच्या वरच्या काठाला लाटेचा एक भाग आणि खालच्या काठाला दुसरा, असं वाचन होतं. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि झांज नाहीशी होते. ढोल-बेसच्या लाटा लांब असतात, त्यांना काही होत नाही. म्हणून आवाज ‘बसतो’, पण गाणं बंद पडत नाही, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की कॅसेटच जुनी झाली.

म्हणजे तुमच्या पहिल्या आक्षेपात दम आहे. मुका आवाज ऐकून अल्बमवर निकाल देणं चूकच. पण लेखात मी ज्याला धुकं म्हटलं ते हे नव्हे. मुकेपणा म्हणजे वरचे सूर गायब. धुकं म्हणजे सूर संपल्यावरही मागे रेंगाळणारी शेपटी, ज्याला रिव्हर्ब म्हणतात. मोठ्या देवळाच्या सभामंडपात टाळी वाजवली तर ती लगेच मरत नाही, तसं. ‘इव्हन फ्लो’मधला स्नेअर, म्हणजे ड्रमसेटमधला कडक वाजणारा छोटा ढोल, ऐका, काठी पडते आणि आवाज मागे पसरत जातो. ‘रिलीज’मध्ये गळ्याभोवती तीच ओल आहे. आता हेड सरळ करून हीच गाणी पुन्हा लावा. मुकेपणा जाईल. धुकं जाणार नाही, उलट जास्त ठळक होईल, कारण त्या शेपटीतही बारीक सूर असतात आणि ते आता ऐकू यायला लागतात. दोष कॅसेटचा असता तर कॅसेट सुधारल्यावर तो कमी व्हायला हवा होता. इथे नेमकं उलट घडतं.

कॅसेटचा स्वतःचाही एक पडसाद असतो, त्याच्याशी मात्र गल्लत करू नका. रीळ वर्षानुवर्षं गुंडाळून पडली की एका वेढ्यावरचा जोरकस आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसटसा छापला जातो. उष्णतेत हे जास्त होतं, आणि आपल्याकडे टिनाच्या छताखाली, आलमारीवर ठेवलेल्या कॅसेटीनं किती नवतपे (उन्हाळ्यातले आगीचे नऊ दिवस) काढले असतील ते सांगायला नको. हा पडसाद ओळखायची खूण वेळेत आहे. कॅसेटच्या आतल्या चकतीजवळ एक वेढा साधारण दीड सेकंदाचा, भरलेल्या रिळेच्या बाहेरच्या काठाला तीन सेकंदांच्या पुढे. म्हणून छापलेला आवाज मूळ आवाजाच्या दीड ते तीन सेकंद आधी किंवा नंतर येतो, गाणं सुरू होण्याआधीच्या शांततेत त्याचं भूत ऐकू येतं. रिव्हर्ब कधीच आधी येत नाही. तो आवाजाला चिकटून, मागून येतो. छपाई कमी करायची तर वाजवण्याआधी कॅसेट दोन-तीनदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे फिरवा. बरीच उतरते.

वेगही तपासा. ‘अलाइव्ह’ ५ मिनिटं ४१ सेकंदांचं आहे. फोनच्या घड्याळावर तुमच्या टेपनं १० सेकंद जास्त घेतले तर टेप ३ टक्के हळू चालतो आहे, म्हणजे सूर सा ते कोमल रे या अंतराच्या निम्म्यानं खाली उतरला. गायक एडी व्हेडरचा मुळात खर्जाचा गळा मग आणखी जड, झोपाळलेला लागतो, आणि ‘अल्बम आता कंटाळवाणा वाटतो’ असं मत बनायला तेवढं पुरतं. आधी बेल्ट बघा. उन्हाळ्यांनी तो सैल होतो नाहीतर डांबरासारखा वितळून पुलीला चिकटतो. डांबर आयपीएनं काढा. पुल्यांभोवती शिवणाचा दोरा फिरवून लांबी मोजा आणि नवा बेल्ट त्याहून ५ टक्के आखूड घ्या. बेल्ट बदलूनही वेग कमीच असेल तर मोटरच्या पाठीवर भोक असतं, आतला बारीक स्क्रू अगदी किंचित फिरवायचा. ही मोजणी मोटारपंप सुरू असण्याच्या वेळी करू नका, लाइनचा दाब पडलेला असतो. टेपमध्ये नवे सेल घाला आणि मग मोजा.

आणि कॅसेट ‘भरून घेतलेली’ असेल तर? त्या काळी तालुक्याच्या दुकानात एका कॅसेटवरून दुसरी दुप्पट वेगानं भरून मिळायची. भरणाऱ्या टेपचं हेड तिरकं असेल तर तो तिरकेपणा रिळेवरच कोरला जातो. तशा कॅसेटीसाठी हेड तिच्याप्रमाणे लावावं लागतं आणि नंतर खुणेवर परत आणावं लागतं. खूण करायला सांगितली ती याचसाठी. अशा कॅसेटीत आणखी एक नुकसान होतं. ‘टेन’ची सुरुवात ‘वन्स’ या पहिल्या गाण्याच्या गिटारनं होत नाही. आधी बेसचा एक घुमणारा, हळूहळू वर येणारा तुकडा आहे, आणि ‘रिलीज’ संपल्यावर तोच तुकडा परत येतो. अल्बम वर्तुळात बांधलेला आहे. भरणारे हा ‘रिकामा’ भाग कापून टाकत. तुम्ही लिहिलंत की फोनवरच्या ‘वन्स’ला आधी उगाच गुरगुर जोडली आहे. ती जोडलेली नाही. तुमच्या कॅसेटीत ती कापलेली आहे.

आता फोनचं. तुम्ही वर्णन केलं आहे: गळा पुढे, ढोल कोरडे, सगळं समोर. भाऊ, हे मूळ मिक्सिंग नाहीच. २००९ मध्ये हा अल्बम पुन्हा निघाला तेव्हा दोन रूपांत निघाला. एक म्हणजे १९९१ चंच मिक्सिंग, फक्त नव्यानं मास्टर केलेलं, म्हणजे तयार मिक्सिंगवर शेवटचा हात फिरवलेलं. दुसरं निर्माता ब्रेंडन ओब्रायननं मूळ ध्वनिमुद्रणांवरून नव्यानं केलेलं मिक्सिंग, ज्याच्या नावापुढे ‘रिडक्स’ लावलेलं असतं. तुम्ही ऐकता ते बहुधा रिडक्स. नावापुढचा शब्द नीट वाचा, मग ‘रिडक्स’ नसलेलं ‘टेन’ लावा. तिथे कॅसेट नाही, हेड नाही, नवतपा नाही, तरीही धुकं जसंच्या तसं आहे. तुमच्या पहिल्या आक्षेपाचं यापेक्षा सरळ उत्तर माझ्यापाशी नाही.

तुलना करताना एक काळजी घ्या. रिडक्स मोठ्या आवाजात मास्टर केलेलं आहे, आणि माणसाच्या कानाला थोडा मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो. आधी दोन्हींचा आवाज कानानं सारखा करा, मग निवाडा द्या.

धुक्याबद्दल तक्रार करणारे तुम्ही एकटे नाही. बँडमधल्यांनाही नंतर तो रिव्हर्ब खटकत होता, त्यातूनच रिडक्स जन्मलं. तरीही मी मूळच ऐका म्हणतो, आणि त्याचं कारण गाण्यांतच आहे. गाणी सिएटलच्या लंडन ब्रिज स्टुडिओत मुद्रित झाली, पण मिक्सिंग टिम पामरनं इंग्लंडमध्ये डॉर्किंगजवळच्या रिज फार्म या स्टुडिओत केलं. नाव फार्म आहे ते उगाच नाही, शेतावरच्या जुन्या इमारतींत उभारलेला स्टुडिओ होता तो. ‘ओशन्स’मध्ये तालाचं काहीतरी हवं होतं आणि भाड्यानं वाद्य मिळेल असं दुकान जवळपास नव्हतं. पामरनं मिरपुडीची डबी आणि आग विझवायचं नळकांडं वाजवलं. ते आजही त्या गाण्यात आहे. हेड नीट लावलं तर डबीची बारीक खुळखुळ कॅसेटवरसुद्धा निवडता येते. ‘ओशन्स’ला तो रिव्हर्ब हवाच, पाण्यावरचं गाणं आहे ते. ‘ब्लॅक’लाही हवा. त्यातला माणूस जे गमावलं त्याच्याशी दुरून बोलतो आहे. रिडक्समध्ये तो शेजारच्या खुर्चीवर येऊन बसतो आणि ते अंतर संपतं. ‘व्हाय गो’ आणि ‘पोर्च’ मात्र मला रिडक्समध्येच जास्त आवडतात, तिथे तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. कोरड्या ढोलांनी त्या गाण्यांना दात येतात.

कॅसेटचाच हट्ट का, हेही विचारलंत. हा बँड कॅसेटनंच जुळला. गिटारवादक स्टोन गॉसर्डच्या शब्दांविना असलेल्या चालींची कॅसेट सिएटलहून सॅन डिएगोला व्हेडरपर्यंत पोचली. त्यानं तीन चालींवर शब्द रचले, त्यांवर आपला गळा भरला आणि कॅसेट टपालानं परत पाठवली. त्या तिघांतली ‘अलाइव्ह’ आणि ‘वन्स’ या अल्बममध्ये आहेत. बँडमधले बाकीचे आणि तो तोवर एकत्र वाजवायला बसलेही नव्हते.

सिएटल आणि पऱ्हाटीच्या प्रश्नाला लांबण लावत नाही. ‘अलाइव्ह’ हे ज्याला आपण बाप समजत होतो तो खरा बाप नाही, आणि खरा बाप मेला आहे, हे कळलेल्या पोराचं गाणं आहे. ‘जेरेमी’ वर्गात ज्याच्याकडे कुणीच बघत नाही अशा पोराचं. ही पोरं समजायला भूगोल आडवा येत नाही. इंग्रजी शब्द पहिल्या ऐकण्यात कळत नाहीत हे खरं, पण व्हेडरचे शब्द तिथल्यांनाही कुठे धड कळतात.

पावसाळा तोंडावर आहे म्हणून शेवटी कॅसेटीचं. रिळेच्या गुंडाळीवर, खिडकीतून दिसेल अशी पांढरी बुरशी असेल तर ती कॅसेट चांगल्या टेपमध्ये घालू नका, बुरशी हेडवरून पुढच्या कॅसेटीत जाते. झाकण घट्ट बसणाऱ्या स्टीलच्या डब्यात १०० ग्रॅम सिलिका जेलबरोबर आठवडाभर ठेवा, मग एखाद्या भंगार टेपवर पुढे-मागे फिरवताना रिळेला मऊ, कोरडं कापड हलकं टेकवा. कूलरच्या झोताच्या वाटेवर कॅसेटी कधीच नकोत. भर उन्हाळ्यात ओल धरतात.

कॅसेटीच्या तोंडाशी रिळेमागे धातूच्या पातळ पट्टीवर फेल्टचा चौकोन असतो, तोही बघा. त्याचा गोंद सुकून तो पडला असेल तर रीळ हेडला दाबली जात नाही, आणि मग स्क्रू कितीही फिरवा, आवाज मुकाच राहणार. कॅसेट पाच स्क्रूंची असेल तर भंगारातल्या कॅसेटीची पट्टी काढून बसवा. चिकटवलेली असेल तर जोडावर ब्लेड फिरवून उघडा आणि दोन्ही चकत्या रिळेसकट पाच स्क्रूंच्या रिकाम्या खोक्यात हलवा. आतले दोन सरकते कागद आणि कोपऱ्यातले दोन फिरते रोलर जागेवर आहेत ना, ते झाकण लावण्याआधी बघा.

सगळं जमलं की एकदाच लॅपटॉपवर उतरवून घ्या. लॅपटॉपचं माइकचं भोक वापरू नका, ते बहुधा एकाच कानाचं असतं आणि आवाज फाटतो. स्टिरिओ लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर, टेपचा आवाज तिसऱ्या हिश्श्यावर. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ नये. ५३ मिनिटांच्या अल्बमला साधारण ९२० एमबी जागा लागेल. मागे सतत हूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढा. घराला अर्थिंग धड नसलं की तो हमखास येतो.

बिनस्प्रिंगचा स्क्रू कसल्यावरही उलटी गाणी थांबली नाहीत, तर हेडच्या बाजूला रीळ अडवणारा प्लास्टिकचा चिमटा वाकला आहे का ते बघा आणि हेडचा समोरून फोटो काढून इथेच टाका. फोटोत दोन्ही स्क्रू दिसले पाहिजेत.